दोन झाकणांचा हंगाम

शनिवारी साताऱ्याहून पलूसला घरी आले की मी आधी गच्चीवर जाते. परवा गेले तेव्हा दोरीवर आईची पांढरी चादर वाळत होती आणि तिच्यावर केसासारखे बारीक काळे तंतू पडले होते. बोटाने उचलायला गेलं की ते चुरगळतात आणि काळी रेघ उमटते. फुंकर मारली की निमूट उडून जातात. साखर कारखान्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. उसाची चिपाडं जळतात, धुराड्यातून काजळी उडते आणि गच्च्यांवर, अंगणांत, दह्याच्या विरजणातसुद्धा येऊन बसते. आई खालून ओरडली, "हात लावू नकोस गं, फुंक!" मी फुंकलं. गळीत सुरू झालं होतं.

असाच एक तंतू माझ्या होडीवर आहे. मागच्या झाकणाच्या डाव्या कडेला, वॉर्निशच्या खाली. तो फुंकून जात नाही. दोन वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामातला आहे तो, आणि मला तो काढायचाही नाही.

त्या वर्षी मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आले होते. का सोडली ते घरात कोणी खोदून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, तेव्हा इथेही नको. घरी दिवसभर माणसं असायची. प्रत्येकाला माझ्याशी बोलायचं असायचं आणि मला बोलता यायचं नाही. मी सांगलीला इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरातलीच, पण गावात तोंड उघडलं की माझे शब्द इस्त्री केल्यासारखे बाहेर पडतात आणि समोरचा हसू दाबतो. मग मी कमी बोलायला लागले, आणि कमी बोलणारी मुलगी शिष्ट असते असं ठरून गेलं. मला हवी होती अशी एक जागा, जिथे कोणी काही विचारणार नाही. कृष्णेच्या मध्यभागी अशी जागा असेल असं मला घाटावरून पाहताना नेहमी वाटायचं. तिथे जायला होडी हवी. एका माणसाची.

कयाक म्हणजे लांब, अरुंद आणि वरून झाकलेली होडी. मध्ये एक माणूस पाय पसरून बसेल एवढी जागा. तिच्या पुढे आणि मागे एकेक बंद कप्पा, आत नुसती हवा. होडी उलटली तर मधल्या जागेत पाणी भरतं, पण दोन्ही कप्पे कोरडे असले तर ती बुडत नाही, तरंगत राहते. त्या कप्प्यांत सामानही ठेवता यावं म्हणून वरच्या फळीला तोंडं पाडतात आणि त्यांवर झाकणं बसवतात. सगळी होडी तुम्ही कितीही देखणी बांधा, तिचा भरवसा या दोन झाकणांवर असतो.

आराखडे मी इंटरनेटवर रात्रंदिवस पाहून स्वतः काढले. जागा मिळाली तात्या सुतारांच्या शेडमध्ये. तात्या सत्तरीचे. अर्ध्या गावाची दारं, खिडक्या आणि लग्नातले पलंग त्यांच्या हातचे. त्यांच्या शेडमध्ये करवतीचं मशीन सतत चालू, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. मला ते फार आवडलं. पातळ प्लायवूडच्या फळ्या तारेने शिवायच्या, सांध्यांवर इपॉक्सी भरायचं, वर काचेचं कापड चढवायचं. इपॉक्सीला तात्या 'औषध' म्हणायचे. द्राक्षाच्या बागांच्या या भागात बाटलीतून मोजून कालवलं जातं ते सगळं औषधच.

"तुझं औषध सुकलं का गं?" ते रोज सकाळी विचारायचे.

"सुकलं, तात्या."

"मग आता हिला फळं कवा धरायची?"

रस्त्याने जाणारे शेडच्या दारात थांबायचे. एकाने गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी लाकडात केलीय का विचारलं. दुसऱ्याने, जनावरांना वैरणीची गव्हाण का? तिसरा नुसतं बघून, "लय निमुळती हाय. जाड माणूस बसायचा न्हाई," असं म्हणून स्वतःच्या पोटाकडे बघत निघून गेला. मी मान खाली घालून घासकागद चालवत राहायचे. उत्तरं तात्याच द्यायचे, आणि प्रत्येकाला वेगळं.

अप्पा मात्र काही विचारायचे नाहीत. माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावात पुराचं पाणी शिरलं तेव्हा त्यांनी माणसं बोटीतून बाहेर काढली आहेत. ते पाण्याला घाबरत नाहीत, ओळखतात. होडीचं अंग पूर्ण झालं त्या दिवशी ते शेडमध्ये आले, दोन्ही हात मागे बांधून होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "कप्पे कोरडे राहतात का?"

"अजून झाकणं व्हायचीत."

"झाली की शेततळ्यात उलटी करायची. एक तास. आत पाणी दिसलं तर नदी न्हाई."

"आणि दिसलं नाही तर?"

"तर नदी. पण कारखान्याचा पट्टा पडायच्या आत."

शेवटचा ऊस गेला की कारखान्याचा पट्टा थांबतो, त्याला आमच्याकडे पट्टा पडला म्हणतात. त्यानंतर लगेच मला साताऱ्यात नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि तात्यांना लग्नसराईच्या पलंगांसाठी शेड लागणार होती. "न्हाईतर आढ्याला टांगू," अप्पा म्हणाले, "शोभा म्हणून." त्यांनी ते चिडवायला म्हटलं नव्हतं. मला ती होडी आढ्याला टांगलेली दिसली, खाली पलंग, वर होडी.

तयार झालेल्या फळीला भोक पाडण्याइतकं वाईट काम नाही. चार महिने मी तो वरचा भाग घासून आरशासारखा केला होता. पेन्सिलने लांबट गोल आखला, मशीन हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले.

तात्या रंधा थांबवून आले. "चार म्हयनं बंद करत आलीस. आता भोक पाडतीस?"

"झाकण बसवायचंय."

"मग आधी बंद कशाला केलंस?"

"जो तुकडा कापून निघेल तोच झाकण होणार आहे. म्हणजे लाकडाच्या रेषा जुळतील."

तात्यांनी गोलावरून बोट फिरवलं. "म्हंजी कलिंगडवाला चकती काढून दावतो, तसं."

अगदी तसं. मी सहा महिने इंग्रजीत वाचत होते ते तात्यांनी एका चकतीत सांगितलं. मी मशीन चालू केलं. पात्याच्या पहिल्या घरघरीला मला माझ्याच दातांत कापल्यासारखं झालं, आणि नंतर काहीच वाटलं नाही.

पण कलिंगडाची चकती परत जागेवर बसते. माझी बसली नाही. होडीची पाठ बाकदार असते, आणि प्लायला तो बाक होडीनेच दिलेला असतो. कापून सुटा केला की तुकडा सरळ होतो. मी झाकण ठेवलं तर मधोमध टेकलं आणि दोन्ही बाजूंनी काडेपेटीतली काडी सहज सरकेल एवढी फट. मी ती काडी सरकवून पाहत बसले. असलं काही बघत बसायची मला जुनी सवय आहे. चूक दिसली की मी तिच्याजवळून हलत नाही.

उपाय सुचला तो होडीकडेच पाहून. तिच्याच पाठीवर प्लास्टिक अंथरायचं, त्यावर झाकणाचा तुकडा, त्यावर औषध लावून दुसरा पातळ थर, आणि वरून असं वजन जे स्वतःच बाकावर बसेल. विटा बसत नाहीत, त्या एका टोकावर उभ्या राहतात. गव्हाची पोती बसतात. मी घरातून दोन अर्धी पोती उचलून नेली. दोन दिवस गहू होडीवर पहुडले होते आणि आई शेडमध्ये दोनदा येऊन गेली. "तुझं व्हायचं ते होऊ दे बाई, पण दळण कशाचं नेऊ?" तिसऱ्या दिवशी पोती उचलली तेव्हा झाकणाने होडीचा बाक घेतला होता. मी ते जागेवर ठेवलं. काडी सरकली नाही. मग केस घातला. तोही सरकला नाही. आईचे गहू डोक्यावर घेऊन घरी जाताना मला रस्त्यात कोणी हाक मारली असती तर मी त्या दिवशी थांबून बोलले असते.

तोंडाच्या आतून सगळीकडे दोन बोटं रुंदीची कड लावायची, तिच्यावर रबर आणि रबरावर झाकण. त्या कडेला इंग्रजीत काय म्हणतात ते मला पाठ होतं. तात्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "चौकट की ही."

कड चिकटवून झाकणांना औषधाचा हात दिला त्या दुपारी वारा फिरला आणि कारखान्याकडून काजळी यायला लागली. ओल्या औषधावर काळे तंतू उतरताना पाहून मी हातांनी वारा घालायला लागले, ते आणखी वाईट. तात्यांनी घरातून मच्छरदाणी आणली. चार कोपरे चार बाजूंना बांधले आणि होडी मच्छरदाणीत निजवली. "बाळंतीण हाय," ते दारातल्या माणसांना सांगत होते, "आत यायचं न्हाई." तरी एक तंतू आत शिरलाच. त्याच्याबद्दल वर सांगितलं आहे.

मग रबर. खिडक्यांना लावतात ती स्पंजाची पट्टी मी सांगलीहून आणली. शेततळ्यात पहिली परीक्षा झाली ती याच पट्टीवर. अप्पांनी काठावर खुर्ची टाकली, मनगटावरचं घड्याळ सैल करून मांडीवर ठेवलं. मी पाण्यात उतरून होडी उलटी केली. तासाने झाकणं उघडली तर दोन्ही कप्प्यांत पाणी. पट्टी पिळली तर तिच्यातूनच धार लागली. झाकणांनी पाणी अडवलं नव्हतं, पिऊन घेतलं होतं.

मी चार दिवस घरातल्या हर प्रकारच्या रबराचे तुकडे बादलीत बुडवून, दाबून, पिळून पाहिले. आणि एका सकाळी न्हाणीघरात उभी असताना पायाकडे लक्ष गेलं. हवाई चप्पल. रोज भिजते, कधीच पाणी पीत नाही, दाबली की दबते, सोडली की वर येते. पलूसच्या बाजारात चपला करणाऱ्याकडून तळव्याचं निळं शीट आणलं, पट्ट्या कापल्या आणि चौकटीवर चिकटवल्या.

तात्यांनी जवळ येऊन पाहिलं. "कशाचं हाय?"

"चपलेचं."

"चौकटीला चप्पल लावलीस?"

मला वाटलं ते चेष्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. रंधा उचलून परत आपल्या कामाला लागले, आणि संध्याकाळपर्यंत 'औषध सुकलं का' विचारायलासुद्धा आले नाहीत. मला ते जाणवलं. मी काही विचारलं नाही. गप्प बसणं मला नेहमीच सोपं वाटत आलं आहे, आणि नेहमीच महाग पडत आलं आहे.

दुसरी परीक्षा. पुढचा कप्पा खडखडीत कोरडा. मागच्यात पाणी. अप्पांनी स्पंजने टिपून स्टीलच्या पेल्यात पिळलं आणि रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं, "अर्धा पेला. पुढं गेलीस, पण अर्धी."

मागच्या झाकणाचं रबर मी काढलं, नवं लावलं. परत अर्धा पेला. झाकणावरचे पट्टे आवळले. अर्धा पेला. चौकट घासून पुन्हा सपाट केली. अर्धा पेला. दहा दिवस गेले. ते पाणी किंचित पिवळसर असायचं. मला वाटलं लाकडाचा रंग उतरतोय. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर विरळ व्हायला लागले होते. रोज सकाळी मी कारखान्याच्या दिशेला बघायचे, धूर आहे का. धूर असला की एक दिवस मिळाला असं वाटायचं. मागचं झाकण माझ्या हातून आधी झालेलं, म्हणजे शिकताना झालेलं, म्हणजे त्यातच काहीतरी चुकलेलं असणार याबद्दल मला शंका नव्हती. जे बिघडलंय ते माझ्याकडून बिघडलंय, हे मी कुठल्याही कामात आधीच धरून चालते.

शेवटी सायकलवाला पंक्चर काढतो तसं करायचं ठरवलं. मागच्या कप्प्यात एका नळीतून पंपाने हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. जिथून हवा निघेल तिथे फुगा येईल. मी झाकणाच्या सगळ्या कडेला फेस लावला. हवा भरली. गुडघ्यावर बसून, नाक झाकणाला लावून वाट पाहिली. फेस तसाच. एक फुगा नाही. पुन्हा हवा भरली. नाही. आणि तेव्हा कानाला ऐकू आलं, अगदी बारीक, सूं. झाकणातून नाही. मधल्या बसायच्या जागेतून, पाठ टेकायच्या गादीच्या मागून.

गादी काढली. मधली जागा आणि मागचा कप्पा यांच्यामधली जी आडवी फळी असते, तिच्यातून एका खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं, काळजीपूर्वक वाकवून आत दाबलेलं. त्याच्याभोवती प्लाय केसभर चिरलेला. साबण लावला तर तिथे एकामागून एक फुगे, सावकाश, मोत्यांसारखे.

मी खिळा मारला नव्हता. या होडीत खिळाच नाही. मागचं झाकण उघडलं, फोन आत घातला आणि हात वर वळवून फोटो काढला. चौकटीच्या खालीच, हाताला सहज लागणार नाही असं, आडव्या फळीवर एक पिवळ्या फडक्याची लिंबाएवढी पुरचुंडी टांगलेली होती.

माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली, माझी झाकणं चपलेचं रबर लावल्यापासून कोरडी होती. दोन्ही. दहा दिवस मी एका निर्दोष गोष्टीला शिक्षा करत होते. ही इतकी मोठी गोष्ट होती की मी तिथेच जमिनीवर बसले. दुसरी गोष्ट, हे तात्यांना सांगावं लागणार.

घर बांधताना चौकट उभी राहिली की तिची पूजा करतात, धान्य आणि हळद बांधलेली पुरचुंडी चौकटीला लावतात. ती आपण होऊन गळून पडेपर्यंत कोणी काढत नाही. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मला वाटलं, गुपचूप खिळा काढावा, भोक बुजवावं, पुरचुंडी आत कुठेतरी चिकटवून द्यावी. कोणाला कळणार नाही. मी तसंच करणारी मुलगी होते. पुण्याची नोकरीही मी तशीच सोडली होती, चिठ्ठी ठेवून.

तात्या चहा पीत होते. मी फोन पुढे केला. "हे तुम्ही लावलंय का?"

त्यांनी फोन लांब धरून पाहिलं आणि चेहरा उजळला. "सापडलं व्हय? म्हटलं कवा दिसतंय बघू हिला."

"कधी लावलंत?"

"तू चप्पल चिकटीवलीस त्याच सांजेला. माझ्या हातनं आजवर एक चौकट बिनपुजेची गेली न्हाई. आन् तू तर तिला पायताण लावलंस. तुला इचारलं असतं तर तू इंग्रजीत न्हाई म्हणली असतीस. मग म्या माझं केलं. पाच दाणं, हळद, सुपारी. लय बारका खिळा हाय, पितळंचा."

"तात्या," मी म्हणाले. डोक्यात एक लांबलचक वाक्य तयार केलं होतं, त्यात 'तुमच्या भावना' असे शब्द होते. ते आलंच नाही. "त्या खिळ्यातून पाणी येतंय."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी धा दिस तू रबर काढतीस, लावतीस, घासतीस, ते माझ्यापाई?"

"हो."

एवढंच. त्या 'हो'ला जेवढी ताकद लागली तेवढी चार महिन्यांत कशालाच लागली नव्हती.

"म्हंजी माझ्या पुजेनं तुझी बोट बुडीवली म्हण की."

"अर्धा पेला," मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना जे हसू फुटलं, त्यात त्यांना ठसका लागला आणि मलाच पाणी आणावं लागलं. "अर्धा पेला म्हणती! आगं, तोंड हाय की तुला. चार म्हयनं कुठं ठिवलं हुतंस?" डोळे पुसत ते उठले, पकड घेतली आणि होडीपाशी जाऊन स्वतःच खिळा ओढला. "देवाला बसाय जागा पायजे, पाण्याला न्हवं."

पुरचुंडी त्यांच्या तळहातावर होती. हळद भिजून, वाळून तिचा खडा झाला होता. पिवळं पाणी कुठून येत होतं ते समोरच होतं. पाच दाणे आणि सुपारी त्यांनी बाजूला काढली. "हे देव्हाऱ्यात ठेवतो. पर हळद?" त्यांना ती टाकवत नव्हती हे दिसत होतं.

"औषधात कालवूया," मी म्हणाले.

"चालंल?"

"चालेल. कुठलीही पूड चालते. भोक बुजवायला तशी पूड घालतातच."

तात्यांनी हळद कुटली, मी औषध मोजलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती चीर आणि ते भोक पिवळ्या लगद्याने भरलं. आत एक थर, बाहेर एक थर. ते सुकताना तात्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. "आता पक्कं," ते म्हणाले. "पुजा बी आन् बोट बी." थोड्या वेळाने, "चपलेचं मातर मला अजून पटल्यालं न्हाई."

अप्पांना मी एवढंच सांगितलं, गळती सापडली, आडव्या फळीत होती. कोणाच्या खिळ्याने, ते सांगितलं नाही. पण परीक्षेच्या सकाळी शेततळ्यावर गेले तर तिथे आमच्या आळीतली निम्मी माणसं, आणि मधोमध तात्या उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "गळती माझ्या खिळ्याची हुती! पोरीचं झाकण पयल्यापास्नं कोरडं! मी सांगतो की, चाळीस वर्सं दारं केली, असं बसल्यालं झाकण बघितलं न्हाई." मला मातीत शिरावंसं वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं, त्यांनी हे आणखी एकदा सांगावं.

आईने एक भाजलेला उडदाचा पापड आणला होता. "पेला, स्पंज काय करताय? दमट असलं तर पापड सांगंल." तिने तो मागच्या कप्प्यात ठेवला. मी झाकण दाबलं, पट्टे आवळले, पाण्यात उतरले आणि होडी उलटी केली. अप्पांनी घड्याळ मांडीवर ठेवलं. तो तास मी काठावर गुडघ्यांत हनुवटी घालून काढला. माणसं द्राक्षाच्या भावाबद्दल बोलत होती, एक म्हैस येऊन पाहून गेली. कारखान्याकडे धूर फार बारीक होता, संपत आल्यासारखा.

"टाइम," अप्पा म्हणाले.

होडी सरळ केली, काठाला ओढली. पट्टे सोडले. झाकण निघेना. आतल्या हवेने धरून ठेवलं होतं, नखं घालून उचकटावं लागलं, आणि निघताना त्याने एक 'फक्' असा आवाज केला, लोणच्याची बरणी उघडताना येतो तसा. मला तेव्हाच कळलं. अप्पांनी आत हात घातला. तळाशी फिरवला, कोपऱ्यांत फिरवला, पांढरा रुमाल आत घालून बाहेर काढला, बघितला. मग पापड बाहेर काढून दोन्ही हातांत धरला आणि मोडला.

कट्ट.

शेततळ्याच्या पलीकडच्या बांधावर बसलेल्या बायकांनाही तो आवाज ऐकू गेला. अप्पांनी अर्धा तोंडात टाकला, अर्धा मला दिला. "पास," ते चावत म्हणाले. "उद्या सकाळी सहाला नदीवर. लाइफ जॅकेट घालून." आणि वळून तात्यांना, "तुमी बी या, देवा." तात्यांनी उपरण्याने नाक पुसलं आणि धूळ फार उडती म्हणाले. धूळ नव्हती.

त्या सकाळच्या नदीबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. घाट मागे गेला, माणसांचे आवाज आधी शब्द राहिले नाहीत आणि मग आवाजही राहिले नाहीत. वल्ह्यावरून थेंब पडत होते ते मोजता येत होते. मला वाटलं होतं मध्यभागी गेले की मी रडेन किंवा काहीतरी मोठं वाटेल. मी फक्त मागे वळून झाकणाकडे बघितलं आणि हसले, एकटीच, मोठ्याने. तीन दिवसांनी पट्टा पडला.

आता मी साताऱ्यात असते. होडी सुट्टीला टेंपोवर बांधून वाईच्या पुढे धोम धरणाच्या पाण्यावर नेते. वाटेत चहाला थांबलं की लोक विचारतात, हे काय आहे, आणि मी सांगते. लांब सांगते. कलिंगडाच्या चकतीपासून. परवाच एका चहावाल्याला मी चपलेचं रबर समजावून देत होते आणि त्याच्याकडचं दूध उतू गेलं.

गेल्या महिन्यात तिथे डोंगरावरून एकदम वारा आला. लाटा मोठ्या नव्हत्या, पण मी वळत होते आणि चुकीच्या बाजूला झुकले. क्षणात पाण्याखाली, हिरवा अंधार, कानांत गडगड. बाहेर आले तेव्हा होडी माझ्या शेजारीच उलटी तरंगत होती, दोन्ही टोकं वर उचललेली, काही झालंच नाही अशी. तिला धरून पाय मारत काठाला आणली, मधलं पाणी उपसलं. थंडीने दात वाजत होते. मागचं झाकण उघडलं. पुन्हा तोच 'फक्'. आत पिशवीत सुती शर्ट, पायजमा, फोन. कपडे बदलले आणि घरी फोन लावला.

"अप्पा, उलटले."

पलीकडे आईच्या कुकरची शिटी वाजली.

"मग?"

"मग तिला धरून काठाला आले. मागचं झाकण उघडलं आणि कपडे बदलले."

"कपडे कसे हायेत?"

मी बाहीकडे पाहिलं. इस्त्रीची रेघ खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ उभी होती.

"कडक," मी म्हणाले.

अप्पांनी श्वास सोडला तो मला साताऱ्याच्या पलीकडून ऐकू आला. "वारा पडला का बघ," ते म्हणाले, "आणि परत बस."

वारा पडला होता. मी झाकण दाबून बसवलं, पट्टे आवळले आणि परत बसले.